हॅम्बुर्गचे बंदर लोकलच्या तिकिटात

हॅम्बुर्गमध्ये लांडुंग्सब्र्युकन धक्क्यावर उतरताच बंदर दाखवणाऱ्या खासगी बोटींची तिकिटे पुढे केली जातात. ती महाग असतात आणि बोट वाटेत उतरू देत नाही. त्याऐवजी शहराच्या बस-मेट्रोचे दिवसभराचे तिकीट घ्यावे, कारण त्याच तिकिटात ६२ क्रमांकाची फेरीबोटही चालते.

१. ब्रुके ३ या फलाटावरून बोट पकडून वरच्या डेकवर उजवीकडे बसावे, म्हणजे शहराच्या आल्टोना भागाचा काठ समोर राहतो.

२. डॉकलंडला उतरावे. जहाजासारख्या तिरप्या झुकलेल्या या काचेच्या कार्यालयीन इमारतीच्या बाहेरच्या पायऱ्यांनी थेट गच्चीवर जाता येते, त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि पलीकडच्या तीरावर कंटेनर उचलणाऱ्या क्रेन तिथून जितक्या निवांत पाहता येतात तितक्या हलत्या बोटीतून कधीच नाहीत.

३. पुढच्या बोटीने नॉयम्युलेन गाठून जुन्या जहाजांचे छोटे बंदर पाहावे आणि वाळूतून पश्चिमेकडे चालत जावे; १९९९ मध्ये एल्ब नदी खोल करताना सापडलेला, हिमयुगात स्वीडनहून वाहत आलेला २१७ टनांचा पाषाण तिथे काठावरच ठेवला आहे.

४. परतल्यावर धक्क्याशेजारचा १९११ चा जुना एल्ब बोगदा पायी, विनामूल्य ओलांडावा.

उन्हाच्या शनिवार-रविवारी मात्र या बोटीला झुंबड उडते, त्यामुळे सकाळीच निघावे.