नवी बारा बोअर बंदूक : हात बसेपर्यंतचा सराव

सातारा-सांगलीच्या घरांत बारा बोअर बंदूक साधारण तीन वाटांनी येते. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागातला शेतकरी पीकसंरक्षणासाठी परवाना काढतो. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो आणि त्यासाठी स्वतःची बंदूक घेतो. नाहीतर आजोबांची दुनळी वारसाहक्काने नातवाच्या नावावर होते. तिघांची अडचण एकच असते. काडतुसं किती घ्यायची हे परवान्यावर ठरलेलं, सरावाचे बार काढायला जवळपास जागा नाही, मग बंदूक वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. हात न बसलेली बंदूक वापरायची वेळ आली की माणूस एकतर बिचकतो, नाहीतर नको तितका धीट होतो. दोन्हींत धोका आहे.

बंदुकीवर हात बसवायला काडतुसं फार लागत नाहीत. निम्म्याहून जास्त काम रिकाम्या बंदुकीवर घरच्या घरी होतं, आणि ते झाल्याशिवाय काढलेले बार वाया जातात. खालचा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे.

आधी बंदूक तपासून घ्या

वारसाने आलेली किंवा जुनी विकत घेतलेली बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका. नळीला पोचा आहे का, आतून गंज खाल्लाय का, नळ्या बंद केल्यावर सांध्यात हलतात का, सेफ्टी धरते का, हे त्याच्याकडून बघून घ्या. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही विचारा. आजच्या बहुतेक बंदुकांना ७० मिलिमीटरचं चेंबर असतं, जुन्या काही दुनळ्यांना ६५ मिलिमीटरचं. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसल्यासारखं दिसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. नळीवर कोरलेला आकडा आणि काडतुसाच्या डब्यावरचा आकडा जुळला पाहिजे.

वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या बंदुकीजवळही ठेवू नका. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं, माणूस बारा बोअरचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. यासाठीच वीस बोअरची काडतुसं जगभर पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज आहे.

रिकामी आहे याची खात्री, प्रत्येक वेळी

बंदूक हातात घेतली की तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, खटका दाबून बंदूक उघडायची, दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहायची आणि बोट घालून चाचपायची. दुसऱ्याच्या हातात देताना उघडूनच द्यायची. घेणाऱ्यानेही पुन्हा पाहायचं, समोर वडील असोत की कमांडिंग ऑफिसर. यात कुणाचा अपमान होत नाही. दुनळी उघडी असली की दहा फुटांवरून कुणालाही कळतं की ती उडणार नाही. म्हणून नवशिक्याने पहिली बंदूक दुनळी किंवा एकनळी घ्यावी असं माझं मत आहे.

सेफ्टीवर विसंबू नका. बऱ्याच बंदुकांत ती फक्त चाप अडवते. बंदूक आपटली तर आतला घोडा सुटू शकतो. बांध ओलांडताना, कुंपणातून जाताना, गाडीत बसताना काडतुसं बाहेर काढलेलीच हवीत.

तुमचा डोळा कोणता?

दोन्ही हात लांब करून अंगठे आणि बोटांमध्ये छोटी खिडकी करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या खिडकीतून लांबचा विजेचा खांब पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीतच दिसतो, तो तुमचा प्रमुख डोळा. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा डावा डोळा प्रमुख निघाला तर तो नेम नीट धरूनही सतत डावीकडे मारतो आणि दोष बंदुकीला देतो. त्याने शक्य असेल तर डावा खांदा शिकावा. नाहीतर बार काढण्याच्या क्षणी डावा डोळा अर्धा मिटावा. बाकीच्यांनी दोन्ही डोळे उघडेच ठेवायचे.

माजी सैनिकांना हे जड जातं. सातारा जिल्ह्यात गावोगाव रायफलवर उत्तम हात बसलेली माणसं आहेत, आणि त्यांची पक्की सवयच इथे आडवी येते. रायफलमध्ये श्वास धरायचा, एक डोळा मिटायचा, चाप हळूहळू दाबत न्यायचा. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, आणि तो खेळ अशाच स्थिरतेचा आहे. शॉटगनमध्ये, म्हणजे बारा बोअरसारख्या छर्ऱ्याच्या बंदुकीत, मात्र लक्ष्य हलतं, बंदूक त्याच्याबरोबर फिरते, आणि नळीच्या टोकावरच्या मण्याकडे बघत बसलात तर फिरणं थांबतं. गोफण फिरवणारा दगडाकडे पाहत नाही, पाखरांकडे पाहतो. इथेही नजर लक्ष्यावरच हवी.

बंदूक खांद्याला लावण्याचा सराव

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. शॉटगनला मागचं साईट नसतं. मागचं साईट म्हणजे तुमचा डोळा. दस्ता (बंदुकीचा खांद्याला लागणारा मागचा भाग) दर वेळी गालाला एकाच ठिकाणी टेकला तरच डोळा नळीच्या रेषेत एकाच जागी येतो.

खोलीत दुसरं कुणी नको, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलूपबंद हवीत. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहा. डावा पाय थोडा पुढे, वजन त्याच्यावर किंचित जास्त, गुडघा सैल (डावखुऱ्यांनी उलट). दस्ता काखेशी हलका धरा, नळी समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे. आता दोन्ही हातांनी बंदूक एकदम वर उचला, आधी गालाला आणि त्याच ओघात खांद्याच्या खोबणीत. मान खाली घालून दस्त्याकडे जायचं नाही, दस्ता गालाकडे आणायचा. बहुतेकांची चूक इथेच होते. ते आधी खांद्याला लावतात, मग मान वाकवतात, आणि बार निघायच्या क्षणी मान पुन्हा वर येते. मान वर आली की बार लक्ष्याच्या वरून जातो.

हळू करा. वेग आपोआप येतो. काही दिवसांनी डोळे मिटून बंदूक लावा आणि मग उघडा. नजर सरळ नळीवरून खुणेवर गेली तर दस्ता तुम्हाला बसतोय. नेहमी एकाच बाजूला जात असेल तर दस्ता लांब, आखूड किंवा वाकडा आहे. तो कारागिराकडून ठीक करून घेता येतो.

यानंतर टॉर्चचा सराव. पेन्सिलच्या जाडीचा टॉर्च कापडी पट्टी गुंडाळून नळीच्या तोंडात बसवा आणि भिंत व छत जिथे मिळतात त्या रेषेवरून उजेड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवत न्या. फिरवता फिरवताच बंदूक खांद्याला यायला हवी. उजेड रेषा सोडून नाचला तर हात कंबरेपासून वेगळे हलत आहेत. कंबर फिरली पाहिजे, हात नाहीत. सराव संपला की टॉर्च काढून नळीतून आरपार पाहायचंच. नळीत राहिलेली कोणतीही वस्तू पुढच्या बाराला नळी फोडते.

या सगळ्यात चाप ओढायची गरज नाही. ओढायचाच असेल तर स्नॅप कॅप नावाची सरावाची खोटी काडतुसं वापरा. रिकाम्या चेंबरवर पुन्हा पुन्हा घोडा पाडला तर जुन्या दुनळीची पिन तुटते.

पहिले बार

शेतात किंवा ओढ्याकाठी सरावाचे बार काढू नका. परवान्यावर उद्देश आणि क्षेत्र लिहिलेलं असतं, ते मोडलं तर परवाना धोक्यात येतो. दुसरं म्हणजे छर्रा लांब जातो. सहा नंबरचा बारीक छर्रा सव्वादोनशे मीटरपर्यंत पोहोचतो, तर एल.जी. या जाड छर्ऱ्याचा दाणा सहा-सातशे मीटर. आपल्याकडे ऊस उभा असतो आणि त्याच्या आत कोण पाला काढतंय हे बाहेरून दिसत नाही. परवानगी असलेल्या रेंजवरच जा. दहा मीटरचा बंद हॉल चालत नाही, शॉटगनसाठी मोकळं रेंज लागतं. परवान्यासाठी जिथे शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षण घेतलं, तिथल्या प्रशिक्षकाकडे चौकशी करा.

कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा पहिल्या बारापासून हवा. बारा बोअरचा आवाज दीडशे डेसिबलच्या पुढे जातो, आणि असा एक बारही कानाचं कायमचं नुकसान करू शकतो. हलकं काडतूस मागा. उडत्या तबकड्या फोडण्याच्या ट्रॅप या खेळात २४ ग्रॅम छर्ऱ्याचं काडतूस असतं, नवशिक्याला तेच बरं. एका वेळी एकच भरा. दस्ता खांद्यात घट्ट धरला तर धक्का ढकलल्यासारखा लागतो, सैल धरला तर ठोसा बसतो. खांदा दुखायला लागला की त्या दिवशी थांबा. दुखऱ्या खांद्याने डोळे मिटून चाप ओढायची सवय लागते, आणि ती मोडायला फार वेळ जातो.

चाप ओढला आणि बार निघाला नाही, तर बंदूक उघडायची घाई नको. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून किमान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. बार निघाला पण आवाज फुसका वाटला, तर दुसरं काडतूस भरण्याआधी नळीत काही अडकलंय का ते पाहा.

कागदावर बंदूक वाचा

मोठा कागद लावा, मध्ये खूण करा. साधारण १५ मीटरवरून, फार नेम न धरता, सराव केला तशी बंदूक लावून बार काढा. तीन-चार कागदांवर छर्ऱ्यांचा दाट भाग एकाच बाजूला झुकलेला दिसला तर दस्त्याचं काम बाकी आहे.

मग ३५ ते ३७ मीटरवर जा. दाट भागाभोवती पाऊण मीटर व्यासाचं वर्तुळ काढा. फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेल्या, नळीतले सुमारे सत्तर टक्के छर्रे त्यात पडतात, सरळ सिलिंडर, म्हणजे न आवळलेल्या, नळीतले चाळीस टक्क्यांच्या आसपास. दुनळीत सहसा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. दोन्ही नळ्यांचे कागद तारखेसह जपून ठेवा. आपली बंदूक किती अंतरापर्यंत भरवशाची आहे हे त्या कागदांवरून कळतं, आणि खरा आत्मविश्वास तिथून सुरू होतो.

उडत्या मातीच्या तबकडीवर हात आजमावायची संधी मिळाली तर सोडू नका. नळी तबकडीच्या मागून आणा, तिला ओलांडा, चाप ओढा आणि ओढल्यावरही फिरवत राहा.

गावाकडे, घरात

पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही. कोयना-चांदोलीच्या कडेच्या गावांत गवा आणि बिबट्या शेतात येतात, दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी आधी हातात हवी.

खंडेनवमीला शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर येते. पाटावर ठेवण्याआधी उघडून पाहा, काडतुसं पूजेत मांडू नका. लग्नात, वरातीत आनंदाचा बार काढणं तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

महाबळेश्वर-पाटणच्या पावसात गंज फार लवकर धरतो. चामड्याच्या कव्हरात बंदूक कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. नळी कोरडी करून पातळ तेलाचा हात फिरवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाहा. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ल्या फक्त परवानाधारकाकडे.

निवडणुकीच्या काळात आदेश आला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि काही आठवड्यांनी परत मिळते. परत आल्यावर तिला नवी समजा. उघडा, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे आरपार पाहा, गंजाचे ठिपके शोधा. कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचं घर बांधते आणि ते बाहेरून दिसत नाही. गज घालून नळी साफ झाल्यावरच काडतुसांचा डबा काढा.