नळाच्या पाण्याची माहिती मागताय? अर्जातल्या या चुका टाळा

नळाला गढूळ पाणी आलं की इंदूरच्या रामबागेत काय किंवा लोकमान्यनगरात काय, आधी महापालिकेच्या ‘इंदूर ३११’ अ‍ॅपवर तक्रार जाते. ती नुसतीच ‘निकाली’ निघाली, की कुणीतरी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसतं. आणि बहुतेकदा तो असा लिहिला जातो, की महापालिकेला काही न लपवताही काहीच सांगावं लागत नाही.

‘आमच्या गल्लीत घाण पाणी का येतं? जबाबदार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे, पण अर्जात निरुपयोगी. २००५ चा कायदा अधिकाऱ्याला कारणं शोधून द्यायला लावत नाही; दप्तरी असलेली नोंद द्यायला लावतो. तेव्हा कागदाचंच नाव घ्या. आपल्याला पाणी देणारी टाकी, अमुक ते अमुक तारीख, आणि त्या काळातले तपासणी अहवाल, क्लोरीनची नोंदवही, टाकी धुतल्याच्या व गळती दुरुस्तीच्या नोंदी. टाकी कोणती ते वॉल्व्ह फिरवणाऱ्याला विचारा, त्याला सगळं पाठ असतं.

नमुना कुठून घेतला, हेही मागाच. नाहीतर जिथून शहराला पाणी येतं, त्या जलूदचा छान अहवाल हातात पडेल. तिथून नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटर येतं आणि मग गल्लीतल्या जुन्या लाइनीत शिरतं. बिघाड बहुधा इथेच होतो. अहवाल आला की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० शी ताडून पाहा: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात नको, गढूळपणा जास्तीत जास्त १ एनटीयू (हे गढूळपणा मोजायचं एकक; दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत), शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम.

दुसरी चूक खास आपली, इंदुरातल्या मराठी माणसांची. पुण्याच्या नातेवाइकानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मराठी नमुना जसाच्या तसा देऊ नका. अर्ज हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा, म्हणजे इंदुरात हिंदी किंवा इंग्रजी. १५० शब्दांची अट महाराष्ट्राच्या नियमांतली, तिच्यासाठी इथे मजकूर छाटत बसू नका. अर्जाला १० रुपये दोन्हीकडे, पण मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाला ५० आणि दुसऱ्याला १०० रुपये लागतात.

अर्जाआधी संकेतस्थळ बघा. कलम ४ खाली १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या आणि दरवर्षी अद्ययावत ठेवायच्या असतात. त्या जुन्या असतील तर ‘शेवटची कधी बदलली’ हाच एक मुद्दा अर्जात घाला. उत्तरापेक्षा तो प्रश्नच जास्त टोचतो.

उत्तर आलं नाही तर? ३० दिवस उलटले की तो नकारच समजायचा, आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘बघू, देतील’ म्हणत लोक ही मुदत घालवतात. उशिरा दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, तेव्हा प्रतींचे पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा. ‘संकेतस्थळावर पाहा’ असं उत्तर आलं तर नेमकं पान अपिलात मागा. ‘ठेकेदाराची गोपनीय माहिती’ म्हणाले तर कलम १० खाली तेवढा भाग झाकून उरलेला कागद मागा.

टाउनशिपमध्ये राहत असाल आणि पाणी सोसायटीच्या बोअरचं असेल, तर महापालिकेकडे त्याची नोंदवही नसणार. तिथे आधी सोसायटीच्या सचिवाकडे तपासणीचा अहवाल मागा.