सौरडागांची वही ठेवणार असाल तर आधी रेखांश शिका

सूर्य बघायचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर लावायचा, आयपीसवर म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी ते शिका, डोळा परत मिळत नाही.

आता मी जिथे सगळ्यात जास्त रखडलो ते सांगतो. नोआ ही अमेरिकेची हवामान आणि महासागर संस्था डागांच्या गटांना नंबर देते, ५ जानेवारी १९७२ पासून ओळीने, आणि नवीन माणसाला वाटतं की तेच त्या गटाचं कायमचं नाव. तसं नाहीये. तो शाळेतल्या रोल नंबरसारखा आहे, वर्ष बदललं की मुलगा तोच पण नंबर नवा. आपल्याकडून बघितलं तर सूर्य साधारण २७ दिवसांत फिरतो, गट पश्चिम कडेआड जातो, दोनेक आठवडे मागे असतो आणि टिकून परत पूर्वेला आला तर नवीन नंबर लागतो. मे २०२४ मधलं मोठं चुंबकीय वादळ आठवतंय ना, लडाखमधल्या हानलेला लाल ध्रुवीय प्रकाश दिसला होता ते, त्यामागचा गट नंबर १३६६४ परत आला तो १३६९७ म्हणून आणि त्यानंतर १३७२३ म्हणून. गट एकच. नंबरवार तक्ता केलात तर वहीत तीन वेगळे गट दिसणार आणि तो किती जगला याचं उत्तर साफ चुकणार. त्यात जून २००२ मध्ये नंबर १०००० च्या पुढे गेले तरी बरेच जण शेवटचे चारच आकडे लिहितात, आणि खरा ३६६४ तर १९८० च्या दशकातच होऊन गेलाय!

म्हणून प्रत्येक नोंदीत कॅरिंग्टन रेखांश, म्हणजे सूर्याबरोबर फिरणाऱ्या जाळ्यावरचा रेखांश, आणि अक्षांश लिहाच. बिंबाच्या मध्याचा रेखांश रोज सुमारे १३.२ अंशांनी कमी होतो, त्या दिवसाचा आकडा तक्त्यात तयार मिळतो, डाग मध्यापासून जितके अंश पश्चिमेला असेल तेवढे मिळवायचे, पूर्वेला असेल तर वजा करायचे. पुढच्या फेरीला आकडा तंतोतंत जुळणार नाही, घाबरू नका, विषुववृत्ताजवळचा सूर्य जास्त वेगाने फिरतो म्हणून तिथले डाग थोडे पुढे सरकतात. आणि जुळला तरी लगेच खूश होऊ नका, जुन्या जागी नवीन गट उगवतो असंही होतं, मग आकार आणि मागच्या फेरीतला शेवटचा दिवस बघून ठरवायचं.

डाग आपोआप मोजणारे प्रोग्राम सुरुवातीला नकोच, माझं ठाम मत आहे. कागदावर वर्तुळ काढून हाताने डाग मांडा, म्हणजे पूर्व-पश्चिम डोक्यात बसते. गुरूही असा शोधा जो व्याख्यान कमी देतो आणि तुमचं चित्र हातात घेऊन पूर्व कुठेय ते विचारतो.

मुंबईत सकाळी लवकर बघा, गच्चीचा कोबा तापला की बिंबाची कड थरथरते आणि बारके डाग दिसतच नाहीत. जून ते सप्टेंबर आभाळामुळे वहीत भोकं पडणार, सगळ्यांच्याच पडतात. तेव्हा कोडाईकनालच्या सौर वेधशाळेचे सूर्याचे जुने फोटो घेऊन बसा, १९०४ पासूनचे आहेत. १९७२ च्या आधीच्या फोटोंना नोआचे नंबरच नाहीत, त्यामुळे रेखांशावरच काम करावं लागतं. एखादा मोठा, गोल, एकटा डाग निवडा, तसे जास्त टिकतात, आणि पुढच्या फेरीत तो सापडतो का बघा.