स्वतःचा कोड सोडून फ्रेमवर्कवर जाताय? आधी क्रॉन बघा

स्वतः लिहिलेली पीएचपी साइट लाराव्हेलसारख्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर हलवताना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद), स्टेजिंग (चाचणीची साइट) वगैरे सगळे करतातच, त्यावर बोलत नाही. पहिलं काम क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी सर्व्हरवर कामं आपोआप चालवणारी सोय. मागच्या वेळी नवी साइट मस्त चालू झाली, सगळे खूश, आणि जुना कोड रात्री डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा तो १८ दिवस झालाच नव्हता हे डिस्क गेली तेव्हा कळलं. क्रॉनटॅब, म्हणजे त्या कामांची यादी, मी बघितला होता हो, पण फक्त माझ्या युजरचा! प्रत्येक युजरचा वेगळा असतो, रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) वेगळा, वेबसर्व्हर ज्या युजरने चालतो त्याचा वेगळा, शिवाय सर्व्हरच्या ईटीसी फोल्डरमधलं क्रॉन डॉट डी फोल्डर. सगळे उघडा, एकेक ओळ उतरवून घ्या, आणि ती बंद पडली तर कोणाला कळेल तेही पुढे लिहा. उत्तर 'कोणालाच नाही' असेल तर ती ओळ सगळ्यात आधी हलवा.

मग जायचंच का ते ठरवा. कोडमध्ये डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स असतील तर प्रश्नच नाही, २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये ती काढून टाकली, म्हणजे तुम्ही अजून ५.६ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर अडकलाय आणि ५.६ चे सिक्युरिटी अपडेटही २०१८ अखेर संपले. पण फ्रेमवर्क घेतलं की सुटलो असंही समजू नका. लाराव्हेलची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि सिक्युरिटी फिक्स दोनच वर्षं मिळतात, अपग्रेडचा वेळ आत्ताच धरून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी परत तिथेच.

पासवर्ड: जुने एमडी५ मध्ये (पासवर्डचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा कोड, बनवायची जुनी कमकुवत पद्धत) असतील तर ते सरळ बीक्रिप्टमध्ये (नवी मजबूत पद्धत) बदलता येत नाहीत, मूळ पासवर्ड आपल्याकडे नसतोच. युजर लॉगिन करेल तेव्हा जुन्या पद्धतीने तपासायचा आणि जुळला की त्याच क्षणी नव्याने हॅश करून ठेवायचा. सगळ्यांना रीसेटचा मेल पाठवू नका, लोक वैतागतात.

आणि क्रॉन परत एकदा. लाराव्हेलमध्ये सर्व्हरवर दर मिनिटाची एकच ओळ लागते, बाकी वेळापत्रक कोडमध्ये, गिटमध्ये. ती एक ओळ टाकायची राहून गेली तर वेळापत्रकातलं काहीच चालत नाही आणि एररसुद्धा दिसत नाही!

जुन्या लिंकना ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा. अपलोड फोल्डरच्या परमिशन. मेलची सेटिंग. टाइमझोन. हे तिन्ही तपासा. जुना सर्व्हर महिनाभर ठेवा, पण त्याचे क्रॉन बंद करून, नाहीतर मेल दोनदा जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतरवलेली यादी घेऊन बसा आणि प्रत्येक काम रात्री खरंच झालं का ते लॉगमध्ये बघा, बॅकअपची फाइल उघडूनसुद्धा.