टॉर्क टेस्टरवर टूल तपासताना होणाऱ्या या चुका टाळा

असेंब्ली लाइनवर एखाद्या नट रनरचा (नट-बोल्ट घट्ट करणारे यांत्रिक टूल) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तो मोजणाऱ्या टेस्टरवर कमी-जास्त दिसू लागला की पहिला संशय टूलवरच घेतला जातो. टूल रूममध्ये त्याचा क्लच (ठरलेला टॉर्क आला की सुटणारा भाग) थोडा फिरवला जातो, टेस्टरवर हवा तो आकडा येतो आणि टूल परत लाइनवर जाते. चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूर भागातल्या वाहन-सुट्या भागांच्या कारखान्यांत आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकामुळे मोजमापाची उपकरणे ठरावीक काळाने तपासून त्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. त्यामुळे टेस्टर आता लहान युनिटमध्येही दिसतो. मात्र तो चुकीच्या मोडवर, चुकीच्या जोडावर किंवा चुकीच्या क्षमतेचा वापरला गेला, तर निर्दोष टूल बिघडलेले ठरते आणि खरोखर बिघडलेले टूल पास होऊन जाते.

क्लिक रेंच आणि पीक मोड

बहुतेक टेस्टरवर ट्रॅक, पीक आणि फर्स्ट पीक असे तीन मोड असतात. ट्रॅक मोडमध्ये त्या क्षणी लागत असलेला टॉर्क दिसतो. पीक मोडमध्ये सर्वांत मोठा आकडा धरून ठेवला जातो, तर फर्स्ट पीकमध्ये टॉर्क वाढत जाऊन पहिल्यांदा जिथे घसरतो तो आकडा पकडला जातो. क्लिक रेंचमध्ये, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की आवाज देणाऱ्या हाताच्या पान्यात, 'कट्' असा आवाज होतो त्याच क्षणी आतली यंत्रणा सुटते आणि टॉर्क किंचित खाली येतो. हात मात्र लगेच थांबत नाही, तो पुढे दाबतच राहतो. समजा रेंच ५० न्यूटन-मीटरला लावलेला आहे आणि तो ५०.६ ला सुटला, पण तपासणाऱ्याने आवाजानंतरही जोर लावल्यामुळे टॉर्क ५७ पर्यंत गेला. पीक मोडवर ५७ दिसेल आणि रेंच नापास होईल, फर्स्ट पीकवर ५०.६ दिसेल. हाताने वापरायच्या टॉर्क टूलसाठीच्या आयएसओ ६७८९ मानकात १० न्यूटन-मीटरपेक्षा मोठ्या क्षमतेच्या रेंचला साधारणपणे अधिक-उणे ४ टक्के इतकी सूट (टॉलरन्स) आहे. म्हणजे वरच्या उदाहरणातला रेंच मोड बरोबर असेल तर आरामात पास होतो.

याला जोडूनच हाताची सवय येते. हिसका देऊन ओढलेल्या रेंचचे रीडिंग वर जाते, म्हणून शेवटच्या टप्प्यात जोर सावकाश आणि सलग वाढवावा आणि हात मुठीच्या मध्यभागी असावा. कपाटात पडून असलेला रेंच काढून थेट पहिले रीडिंग लिहू नये. आधी तो पूर्ण क्षमतेला काही वेळा चालवून घ्यावा, कारण पडून राहिलेल्या स्प्रिंगचे आणि आतल्या ग्रीसचे पहिले एक-दोन आकडे भरवशाचे नसतात.

जोड कसला आहे, हे न पाहता टूल तपासणे

माझ्या मते सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, आणि याच मुद्द्याकडे लक्ष सर्वांत कमी जाते. बोल्टचे डोके टेकल्यापासून अंतिम टॉर्क येईपर्यंत तो किती अंश फिरतो, यावर जोड कडक आहे की मऊ, हे ठरते. सुमारे ३० अंश किंवा त्याहून कमी फिरला तर जोड कडक मानतात, आणि दोन पूर्ण फेरे म्हणजे ७२० अंश किंवा त्याहून जास्त फिरला तर मऊ. पोलादावर पोलाद बसवणारा ब्रॅकेट कडक जोडात येतो. रबर गॅस्केट किंवा होज क्लॅम्प मऊ जोडाकडे झुकतो. लाइनवरचे बरेचसे जोड या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

वेगात फिरणाऱ्या टूलच्या रोटरमध्ये आणि गिअरमध्ये गतीची ऊर्जा साठलेली असते. कडक जोडात टॉर्क इतक्या झपाट्याने चढतो की क्लच सुटेपर्यंत ही ऊर्जाही बोल्टमध्ये उतरते आणि अंतिम आकडा वर जातो. मऊ जोडात टॉर्क सावकाश चढत असल्याने हा परिणाम फारच कमी राहतो. त्यामुळे एकाच सेटिंगवरचे एकच टूल दोन जोडांवर दोन वेगळे आकडे देते आणि त्यात टूलचा दोष नसतो. फिरत्या टूलच्या चाचणीसाठीच्या आयएसओ ५३९३ मानकात कडक आणि मऊ अशा दोन्ही प्रकारच्या जोडांवर चाचणी सांगितली आहे, ती याचसाठी.

इतके असूनही कित्येक ठिकाणी नट रनरचे सॉकेट बेंचवरच्या ट्रान्सड्यूसरच्या (टॉर्क मोजणारा सेन्सर) चौकोनी टोकावर सरळ बसवून ट्रिगर दाबला जातो. तिथे बोल्टला फिरायला जागाच नसल्याने तो अतिकडक जोड होतो. त्यातून मिळालेल्या आकड्याचा प्रत्यक्ष लाइनशी फारसा संबंध राहत नाही, शिवाय ट्रान्सड्यूसरला बसणारा धक्का वेगळाच. टेस्टरसोबत डिस्क स्प्रिंग असलेला जोड-संच मिळतो, तोच वापरावा. या स्प्रिंग एकीवर एक कशा रचल्या आहेत त्यावर जोड कडक किंवा मऊ करता येतो, म्हणून रचना लाइनवरच्या जोडाला जुळेल अशी ठेवावी. प्रत्येक रीडिंगनंतर संचातला बोल्ट पूर्ण मागे फिरवावा. अर्धवट मागे घेतला तर पुढचे रीडिंग अधिक कडक जोडाचे येते. आट्यांना ग्रीस असल्याची खात्री करून घ्यावी. दहाव्या रीडिंगनंतर आकडे हळूहळू सरकू लागले, तर आधी टूल न उघडता संचाचे ग्रीस आणि आट्यांची झीज पाहावी.

मोठ्या ट्रान्सड्यूसरवर लहान टूल

एकच मोठा ट्रान्सड्यूसर घेऊन सगळे भागवावे, असा विचार खरेदीच्या वेळी होतो आणि पुढे तो महागात पडतो. अचूकता पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत दिली आहे की दाखवलेल्या आकड्याच्या टक्क्यांत, हे प्रमाणपत्रावर वाचून घ्यावे. ५०० न्यूटन-मीटर क्षमतेच्या ट्रान्सड्यूसरची अचूकता पूर्ण क्षमतेच्या अर्धा टक्का असेल, तर चूक अडीच न्यूटन-मीटरपर्यंत असू शकते. ४०० च्या टूलसाठी ती नगण्य आहे, २५ च्या टूलसाठी मात्र तीच चूक १० टक्के होते. टूलचा आकडा ट्रान्सड्यूसरच्या मधल्या किंवा वरच्या पट्ट्यात पडावा, आणि टेस्टरची चूक टूलला दिलेल्या सुटीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नसावी, हा कारखान्यात चालणारा जुना आणि चांगला हिशेब आहे.

युनिटचा घोळ ऐकायला बालिश वाटतो, पण होतो. १ किलोग्रॅम-फोर्स-मीटर म्हणजे ९.८०७ न्यूटन-मीटर आणि १ पाउंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. आधीच्या शिफ्टने युनिट बदलून ठेवले असेल तर स्क्रीनवरचा आकडा पाहून ते लगेच कळत नाही.

हवेचा दाब कुठे मोजला?

हवेवर चालणारी बहुतेक टूल ६.३ बार दाब गृहीत धरून बनवलेली असतात, आणि हा दाब टूलच्या तोंडाशी, टूल फिरत असताना मिळायला हवा. भिंतीवरच्या, हवा गाळून दाब नियंत्रित करणाऱ्या एफआरएलच्या घड्याळात टूल बंद असताना ६.५ दिसले म्हणून समाधान मानू नये. लांब आणि अरुंद होज, घट्ट न बसलेले कपलर आणि शेजारी एकाच वेळी चालणारी टूल यांमुळे फिरत्या टूलपाशी दाब बराच खाली येतो. सकाळी टूल रूममध्ये तपासलेले टूल दुपारी लाइनवर कमी टॉर्क देते, तेव्हा आधी होज बघावी. बॅटरीच्या टूलची तपासणी चार्ज केलेल्या बॅटरीवर करावी, हे वेगळे सांगायला नको.

इम्पॅक्ट रेंच तर स्थिर ट्रान्सड्यूसरवर कधीच लावू नये. हातोड्यासारख्या ठोक्यांचा आकडा अर्थहीन येतो आणि ट्रान्सड्यूसर निकामी होऊ शकतो. झटक्या-झटक्याने घट्ट करणाऱ्या पल्स टूलसाठी टेस्टरमध्ये पल्स मोड आणि योग्य फिल्टर लागतो. दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळी फिल्टर एकच होता ना, हे नोंदीत असले पाहिजे.

घट्ट केलेला बोल्ट नंतर तपासून टूलचा निकाल लावणे

बोल्ट घट्ट झाल्यावर हाताच्या रेंचने तो पुन्हा किंचित पुढे फिरवून जो टॉर्क मिळतो, तो उरलेला टॉर्क असतो, टूलने लावलेला नव्हे. थांबलेला बोल्ट हलवायला स्थिर घर्षण ओलांडावे लागते म्हणून तो जास्त येऊ शकतो, आणि गॅस्केट दबले किंवा रंगाचा थर बसला तर कमीही येतो. टूलने प्रत्यक्ष काय दिले हे पाहायचे असेल तर टूल आणि सॉकेट यांच्यामध्ये फिरता ट्रान्सड्यूसर लावून चालत्या लाइनवर मोजावे.

तीन रीडिंग आणि सरासरी

तीन रीडिंगची सरासरी बरोबर आली म्हणून टूल पास करणे धोक्याचे आहे. २५ रीडिंग घेतली तर फैलाव दिसतो. लक्ष्य ४० न्यूटन-मीटर, सूट अधिक-उणे १० टक्के, सरासरी ४३ आणि प्रमाण विचलन ०.३ असेल, तर सीएम (सुटीच्या तुलनेत फैलाव किती लहान आहे याचे माप) ४.४ येतो, पण सीएमके (त्यात सरासरी किती सरकली हेही धरणारे माप) केवळ १.१. हे टूल स्थिर आहे, फक्त सरकलेले आहे, त्याला सेटिंग लागेल. उलट सरासरी ४० आणि विचलन १.५ असेल तर सेटिंग कितीही फिरवले तरी काही साधणार नाही, क्लच किंवा गिअर उघडावा लागेल.

टेस्टरचे स्वतःचे कॅलिब्रेशन

टेस्टर आयएसओ १७०२५ प्रमाणे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घ्यावा. कारखान्यातच लिव्हर आणि वजने वापरून मधली तपासणी करणाऱ्यांनी गुरुत्वत्वरणाचा आकडा पाहावा. पाठ्यपुस्तकातला ९.८०६६५ महाराष्ट्रात लागू होत नाही, इथे तो साधारण ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान असतो. फरक जेमतेम ०.२ टक्के असला, तरी अर्ध्या टक्क्याच्या टेस्टरसाठी तो जवळजवळ निम्मी सूट खाऊन टाकतो. रोज सुरुवातीला टेस्टर थोडा वेळ चालू ठेवून, ट्रान्सड्यूसरवर काहीही अडकवलेले नसताना शून्य करावा.

एवढे सगळे पाहूनही टूल सुटीबाहेर निघाले, तर हात लगेच सेटिंगच्या स्क्रूकडे नेऊ नये. टूल जसे आले तसेच त्याची पूर्ण रीडिंग आधी लिहून घ्यावीत, मग दुरुस्ती करून पुन्हा तेवढीच रीडिंग घ्यावीत. पहिली नोंद नसेल तर मागच्या तपासणीपासून त्या टूलने घट्ट केलेल्या मालापैकी कोणता रोखून धरायचा, हे क्वालिटी विभागाला कोणत्याच मार्गाने ठरवता येत नाही, आणि ऑडिटर नेमके तेच पान मागतो.