वस्तीतील करमुक्त निवासगृह : शंका कोठे आणि कशी विचारावी

जुळे सोलापूर, होटगी रस्ता किंवा विजापूर रस्त्यावरील एखाद्या कॉलनीत धर्मादाय संस्था बंगला घेते आणि तेथे दिव्यांग प्रौढांसाठी, निराधार ज्येष्ठांसाठी किंवा मुलांसाठी निवासगृह सुरू करते, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन प्रश्न एका दमात विचारले जातात. यांना मिळकत कर माफ कसा, इतक्या माणसांचे पाणी आणि सांडपाणी कसे निभावणार, आणि ही माणसे आपल्याच गल्लीत का? पहिले दोन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक करदात्याला पूर्ण अधिकार आहे. तिसऱ्याचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 5 नुसार दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 19 मध्ये मानसिक आजार असलेल्यांना समाजापासून वेगळे न पाडले जाण्याचा हक्क नोंदलेला आहे.

हे तिन्ही प्रश्न एका निवेदनात मिसळले की काय होते, ते मी आमच्या कॉलनीत पाहिले आहे. निवेदनाची सुरुवात करमाफीपासून होती, पण तिसऱ्या परिच्छेदात ‘अशा लोकांमुळे परिसराला बाधा’ असे शब्द होते. ते न वाचता मी सही केली, याचे मला आजही वाईट वाटते. संबंधित अधिकाऱ्याने ते निवेदन बाजूला ठेवले आणि त्यातला कराचा रास्त प्रश्नही त्याबरोबर अडगळीत गेला. म्हणून आपल्या शंका लिहून काढताना माणसांविषयीचे वाक्य आले, तर ते प्रथम खोडावे आणि मगच पुढे जावे.

करमाफीबद्दल गैरसमज फार आहेत, त्यामुळे ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेली असली, तरी तेवढ्याने मिळकत कर आपोआप माफ होत नाही. देणगीदाराला देणगीवर मिळणारी सवलत आयकराची असते आणि तिचा महानगरपालिकेच्या बिलाशी काही संबंध नसतो. महानगरपालिकेची माफी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 132 वर उभी असते, आणि तेथे कसोटी संस्थेच्या नावाची नसून जागेच्या वापराची आहे. इमारत किंवा तिचा भाग केवळ सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरात असला पाहिजे. ‘तिचा भाग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तळमजल्यावर निवासगृह आणि वरचा मजला भाड्याने दिलेला असेल, तर माफीचा विचार तळमजल्यापुरताच होऊ शकतो. त्याचप्रमाणे बंगला संस्थेच्या मालकीचा नसून भाड्याचा असेल, तर भाडे घेणाऱ्या घरमालकाला धर्मादाय माफी कोणत्या आधारावर मिळाली, हा प्रश्न अगदी योग्य आहे. शिवाय कलम 132 ची ही माफी मिळकत कराच्या बिलातील सामान्य करापुरती असते. पाणीपट्टी आणि सांडपाण्याशी संबंधित कर वेगळे आकारले जातात. शेजारच्या बंगल्याला माफी मिळाल्यामुळे आपले बिल वाढते, हा समजही चुकीचा आहे, कारण आपली आकारणी आपल्या मिळकतीच्या मूल्यावर होते.

इतके समजल्यावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात या अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, मजकूर 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो, आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. ‘माफी का दिली’ असे विचारू नये, कारण कारणमीमांसा मागणाऱ्या अर्जाला टाळणे सोपे असते. कागद मागावेत. उदाहरणार्थ, ‘अमुक मिळकत क्रमांकास सामान्य करातून दिलेल्या माफीचा आदेश, त्यासाठी आलेला अर्ज, जागेच्या पाहणीचा अहवाल आणि मागील तीन वर्षांच्या मागणी बिलांच्या प्रती मिळाव्यात’ एवढा मजकूर पुरेसा आहे. अर्ज महानगरपालिकेच्या कर आकारणी विभागातील जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. रहिवाशांची नावे, आजार किंवा कुटुंबाची माहिती मात्र कदापि मागू नये. ती वैयक्तिक माहिती असून, मुलांच्या बाबतीत तर त्यांची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने मनाई केली आहे.

संस्थेची बाजू धर्मादाय कार्यालयातील नोंदींवरून तपासता येते. तेथे विश्वस्तांची नावे, उद्देश आणि मिळकती नोंदलेल्या असतात, आणि नवी मिळकत घेतल्यास संस्थेने 90 दिवसांत बदल अर्ज दाखल करावयाचा असतो. वार्षिक लेखापरीक्षण अहवालावरून निवासगृहावर खरोखर खर्च होतो की नाही, याचा अंदाज येतो.

परवान्याचा कायदा राहणाऱ्यांनुसार बदलतो. मुलांच्या निवासगृहाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम 41 खाली, दिव्यांगांच्या संस्थेला 2016 च्या अधिनियमाखाली आणि मानसिक आजारावर उपचार किंवा पुनर्वसन करणाऱ्या आस्थापनेला 2017 च्या अधिनियमाखाली नोंदणी लागते. मुलांचे गृह नोंदणीविना चालत असल्याची खात्रीलायक शंका असेल, तर कॉलनीची बैठक बोलावण्यात वेळ घालवू नये. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाला कळवावे किंवा 1098 वर फोन करावा. ज्येष्ठांची आबाळ दिसल्यास 14567 हा क्रमांक आहे. बंगल्याचा हा वापर बांधकाम परवानगीत बसतो का, हे नगररचना विभागात विचारावे, आणि आग प्रतिबंधक यंत्रणेचे प्रमाणपत्र संस्थेकडे पाहावयास मागावे. चालता न येणारी माणसे वरच्या मजल्यावर ठेवलेली असतील, तर हा प्रश्न शेजाऱ्यांपेक्षा त्यांच्याच जिवाचा आहे.

आता पाण्याविषयी, कारण सोलापुरात भांडणाचे खरे मूळ बहुधा तेच असते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात पंधरा माणसांच्या घराने पाणी भरायला घेतले की गल्लीच्या टोकाच्या घरांना दाब कमी पडल्याची तक्रार होणारच. या प्रश्नाला कार्यालयापेक्षा प्रत्यक्ष भेट अधिक उपयोगी पडते. आधी फोन करून वेळ ठरवावी आणि दोघांनी किंवा तिघांनीच जावे, कारण वीस माणसांचा घोळका दारात उभा राहिला की आत राहणारे घाबरतात. नळजोडणीचा आकार किती, टाकी किती लिटरची, थेट नळाला मोटार लावली जाते का, टँकर कोणत्या वेळी येतो, सांडपाणी ड्रेनेजलाच जोडले आहे का आणि रात्री जबाबदार माणूस कोण असतो, एवढे विचारावे. व्यवस्थापकांशी बोलून झाल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशींशीही दोन शब्द बोलावेत, कारण पाण्याचा खरा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो. जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात.

कागद हाती आल्यानंतर माफी चुकीची दिसली, तर झोन कार्यालयाकडे आणि आयुक्तांकडे फेरपाहणीची लेखी मागणी करावी. तिच्यात आदेशाचा क्रमांक आणि प्रत्यक्ष वापर यांतील विसंगती एवढेच लिहावे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला उत्तर न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. माफी रद्द झाली तरी त्याचा परिणाम कराच्या वसुलीपुरता असतो. रहिवाशांना तेथून हलवण्याचा आधार त्यातून निर्माण होत नाही, आणि बैठकीत हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

आमच्याकडे प्रती आल्या, तेव्हा माफी तळमजल्यापुरतीच असल्याचे आणि पाणीपट्टी नियमित भरलेली असल्याचे दिसले. राहिला होता तो टँकर, जो सकाळी शाळेच्या गाड्यांच्या वेळी गल्ली अडवत असे. संस्थेने तो दुपारी एकनंतर बोलावण्याचे मान्य केले आणि तसे लिहून दिले.