प्राग किंवा ड्रेस्डेनला कॉयर (समूहगायन)-ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टला पहिल्यांदा जाताय? मग एवढी तयारी करूनच जा

युरोपात शिकायला नाहीतर नोकरीला आलेले आपले बरेच लोक प्रागला जातात, चार्ल्स ब्रिज बघतात, फोटो काढतात, आणि तिथून चालत पाच-सात मिनिटांवर रुडोल्फिनम या कॉन्सर्ट हॉलमध्ये त्याच संध्याकाळी अख्खा कॉयर आणि ऑर्केस्ट्रा मिळून द्वोर्झाक या चेक नाहीतर ब्राम्स या जर्मन संगीतकाराचं काही सादर करणार असतो हे त्यांच्या गावीही नसतं. खूप वाईट वाटतं मला याचं. हे संगीत ऐकायला नोटेशन वाचता यायची काही गरज नाही, फक्त थोडी तयारी लागते, आणि ती कशी करायची तेच सांगते.

आधी कॉन्सर्ट निवडा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताना एक चेक आणि एक जर्मन असं दोन्ही असलेला प्रोग्रॅम शोधा, म्हणजे पहिल्या भागात चेक संगीतकार स्मेतानाचं 'व्लतावा' आणि नंतर ब्राम्सचं 'जर्मन रेक्विएम' (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत), किंवा द्वोर्झाकचं 'ते देउम' (Te Deum) हे स्तोत्र आणि पुढे ब्राम्स. द्वोर्झाक आणि ब्राम्स तर एकमेकांशी जोडलेले होते. द्वोर्झाक प्रागमध्ये पैशाची ओढाताण करत संगीत लिहीत होता, व्हिएन्नातल्या सरकारी स्टायपेंडसाठी त्याने अर्ज केला, ते काम तपासणाऱ्यांत ब्राम्स होता, आणि ब्राम्सने नुसतं स्टायपेंड देऊन सोडलं नाही तर बर्लिनच्या झिमरॉक या आपल्या पब्लिशरला पत्र लिहून याचं संगीत छापा म्हणून सांगितलं. त्यातूनच 1878 मध्ये स्लाव्होनिक डान्सेस आले आणि द्वोर्झाकचं नाव युरोपभर झालं. आणि हो, नकाशा एकदा उघडून बघाच. द्वोर्झाकचं जन्मगाव नेलाहोझेवेस व्लतावा नदीच्या काठावर, ती नदी पुढे मेल्निकला लाबेला मिळते, तीच लाबे जर्मनीत गेल्यावर एल्ब होते, ड्रेस्डेनवरून वाहते आणि हॅम्बुर्गला पोचते, जिथे 1833 मध्ये ब्राम्स जन्मला. मी तर प्रोग्रॅममध्ये ही दोन नावं शेजारी दिसली की तिकीटच काढते.

आता खरं महत्त्वाचं, शब्द. कॉयरचं संगीत शब्दांवर उभं असतं, आपण कीर्तनाला बसतो तेव्हा अभंग आधीच माहीत असतो म्हणून रंगतो ना, तसंच. आदल्या दिवशी अर्धा तास काढा आणि गाण्याचे शब्द अर्थासकट वाचून घ्या, हॉलमध्ये मिळणाऱ्या पुस्तिकेत असतात पण तिथे अंधारात वाचत बसलात तर ऐकायचं राहून जातं. जर्मन रेक्विएमसाठी ब्राम्सने रेक्विएमचा नेहमीचा लॅटिन मजकूर घेतला नाही, ल्यूथरच्या जर्मन बायबलमधून स्वतः ओळी निवडल्या, आणि त्या मेलेल्यांसाठी नाहीत, मागे राहिलेल्यांसाठी आहेत. त्याची आई 1865 मध्ये गेली होती. पहिलीच ओळ शोक करणाऱ्यांना धीर देणारी आहे आणि त्या पूर्ण भागात व्हायोलिन्स वाजतच नाहीत, नुसते खालचे, गडद आवाज. दुसऱ्या भागात मात्र कान टवकारा. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, खालून हळूहळू ठोके देत राहतात आणि सगळा कॉयर एकाच सुरात, अगदी दबक्या आवाजात गातो, की माणूस म्हणजे गवत, सुकून जातं, फूल गळून पडतं. मग तेच, तेच शब्द, पूर्ण ताकदीने येतात आणि अंगावर काटा येतो, दरवेळी येतो. सात भाग, साधारण सव्वा तास, आणि बहुतेक वेळा मध्ये इंटरव्हल नसतो, तेव्हा बाथरूमला आधीच जाऊन या.

द्वोर्झाकचं स्ताबात मातेर मिळालं तर तेही सोडू नका, पण ते जड आहे हे माहीत असू द्या. 1875 मध्ये त्याची मुलगी जन्मल्यावर दोनच दिवसांत गेली, पुढच्या वर्षी त्याने हे लिहायला घेतलं, अर्धवट राहिलं, आणि 1877 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने उरलेली दोन्ही मुलं गेली तेव्हा त्याने ते पूर्ण केलं. क्रुसापाशी उभ्या असलेल्या येशूच्या आईचं दुःख आहे त्यात. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा एकच सूर खालून वर नेत राहतो, कितीतरी वेळ कोणी गातच नाही, तिथे कंटाळू नका, तोच धागा अगदी शेवटच्या भागात परत येतो आणि मग स्वर्गाचा शब्द आला की एकदम मेजरमध्ये, म्हणजे उजळ सुरांत, उघडतो. दहा भाग, जवळजवळ दीड तास.

व्लतावा सगळ्यात सोपं, बारा-तेरा मिनिटांचं. दोन बासऱ्या म्हणजे एक झरा, क्लॅरिनेट म्हणजे दुसरा, मग दोन्ही मिळून नदी, पुढे शिकारीचे हॉर्न्स, गावातलं लग्न आणि त्यातला पोल्का, चांदणं, खडकांवरचं पाणी, शेवटी प्राग. हे 1874 मध्ये लिहिताना स्मेतानाला ऐकू येणं पूर्ण बंद झालं होतं. दरवर्षी 12 मे ला, म्हणजे त्याच्या स्मृतिदिनाला, प्राग स्प्रिंग फेस्टिव्हल सुरू होतो तो व्लतावा ज्या मालिकेत आहे त्या स्मेतानाच्या 'मा व्लास्त'नेच (माझा देश), त्याची तिकिटं हवी असतील तर फार आधीपासून लक्ष ठेवा.

तिकिटाचं म्हणाल तर हॉलच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, प्रागमध्ये रस्त्यावर जुने पोशाख घालून कॉन्सर्टची पत्रकं वाटणारे भेटतात, ते टूरिस्टांसाठीचे छोटे प्रोग्रॅम असतात, मोठा कॉयर हवा तर तिथे जाऊ नका. स्टुडंट असाल तर जर्मनीत सुरू व्हायच्या आधी काउंटरवर उरलेली तिकिटं बऱ्याचदा स्वस्तात मिळतात, विचारायला लाजू नका. सीट पुढच्या रांगेतली घेऊ नका, कॉयर ऑर्केस्ट्राच्या मागे उभा असतो आणि पुढे बसलं की नुसती व्हायोलिन्स ऐकू येतात. बाल्कनी मस्त, आणि बहुतेकदा स्वस्तही. जर्मनीत नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणाचे दिवस असतात तेव्हा चर्चमध्ये हौशी कॉयरसुद्धा ब्राम्सचं रेक्विएम करतात, तेही जरूर ऐका.

कपडे नीटनेटके असले की झालं, सूट हवाच असं काही नाही. कोट गार्डरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या काउंटरवर, द्यायचा, सुटे पैसे जवळ ठेवा. उशीर झाला तर दार बंद होतं, मग मध्ये एखादी गॅप मिळेपर्यंत बाहेरच. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, आणि शेवटीसुद्धा कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा, ती शेवटची शांतता हा संगीताचाच भाग आहे, ती मोडली की सगळ्यांचं नुकसान होतं. गुड फ्रायडेला चर्चमध्ये असाल तर काही ठिकाणी टाळ्याच नसतात, आजूबाजूला बघा आणि तसं करा.

मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन असतात, त्यांच्या प्रोग्रॅममध्ये कॉयर कधी आहे ते बघत राहा. आणि हे चेक-जर्मन प्रकरण आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर वाल्टर काउफमान हे नाव शोधून वाचा. 1907 मध्ये कार्ल्सबाडला, म्हणजे आजच्या चेक देशातल्या कार्लोव्ही व्हारीला, जन्मलेला जर्मन बोलणारा ज्यू संगीतकार, हिटलर आल्यावर 1934 मध्ये मुंबईत आला, रेडिओवर नोकरी केली, आणि आकाशवाणीची ती पहाटेची सिग्नेचर ट्यून त्याच्याच नावावर आहे.